दार अडवणारे आणि दार बंद करणारे

एखाद्याचे तोंड बंद करायचे असेल तर पूर्वी छापखाना फोडावा लागे, अंकांचे गठ्ठे जाळावे लागत, नाहीतर सरकारकडून बंदीचा हुकूम तरी काढून आणावा लागे. या तिन्ही गोष्टी लोकांच्या डोळ्यांदेखत घडत. छापखाना कोणी फोडला हे गावाला ठाऊक असे आणि हुकुमावर सही कोणाची आहे हेही दिसे. आज तेच काम घरबसल्या, कोणाच्याही नजरेस न पडता आणि अगदी स्वस्तात होते. एप्रिल २०१८ मध्ये युरोपातील पोलिसांनी वेबस्ट्रेसर नावाचे एक संकेतस्थळ बंद पाडले. पैसे घेऊन दुसऱ्याचे संकेतस्थळ बंद पाडून देणे हाच त्याचा धंदा होता. त्याच्याकडे १ लाख ३६ हजार गिऱ्हाइकांची नोंद होती, सुमारे ४० लाख हल्ले त्याच्या खात्यावर होते आणि भाव महिन्याला १५ युरोपासून सुरू होत होता. ज्याला उत्तर देता येत नाही त्याने समोरच्याचा आवाज बंद करावा, ही वृत्ती जुनीच आहे. फक्त तिला आता बाजारभाव मिळाला आहे.

या हल्ल्याला इंग्रजीत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. हजारो यंत्रांकडून एकाच वेळी तो केला की त्याचे नाव ‘डीडॉस’. हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडे संगणकाशी संबंधित प्रत्येक गुन्ह्याला ‘हॅकिंग’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. हॅकिंगमध्ये चोर घरात शिरतो. डीडॉसमध्ये कोणी आत शिरत नाही, काही चोरत नाही, कुलूपही तोडत नाही. रेशन दुकानाचे उदाहरण घ्या. दुकानात धान्य आहे, दुकानदार जागेवर आहे, तराजूही ठीक आहे. पण रांगेत कोणीतरी पाचशे भाडोत्री माणसे उभी केली आहेत. त्यांना काही घ्यायचे नाही. प्रत्येक जण खिडकीशी येतो, भाव विचारतो, पिशवी विसरलो म्हणतो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. ज्या बाईला खरोखर धान्य हवे आहे ती संध्याकाळी रिकाम्या हाताने परतते. दुकान बंद नव्हते, तरी तिच्यासाठी ते बंदच होते. डीडॉस म्हणजे हेच होय.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, तो मात्र हल्ला नव्हे. तिथे रांगेतला प्रत्येक जण खरा असतो आणि दोष अपुऱ्या तयारीचा असतो. हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण आपली तयारी नसल्याचे झाकण्यासाठी ‘हल्ला झाला’ असे सांगून मोकळे होणे सोपे असते. ऑस्ट्रेलियात ९ ऑगस्ट २०१६ रोजी जनगणना ऑनलाइन होत होती. त्या रात्री संकेतस्थळ बंद करावे लागले आणि ते सुमारे ४० तास बंदच राहिले. डीडॉस हल्ला झाला होता हे खरे. पण तो लहान होता, असे नंतरच्या सरकारी चौकशीत निघाले. बचावाच्या उपायांची नीट चाचणीच झालेली नव्हती. काम घेतलेल्या आयबीएम कंपनीला सरकारशी तडजोड करून ३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. म्हणजे हल्ला करणारा दोषी असतोच. पण दाराशी राखण करण्याचे पैसे ज्याने घेतले त्यालाही जाब विचारता येतो.

हल्ल्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन. पहिली मिस्ड कॉलची. आपला संगणक सर्व्हरला ‘बोलू का?’ असे विचारतो, सर्व्हर ‘बोला’ म्हणतो आणि आपल्या होकाराची वाट पाहत एक जागा राखून ठेवतो. हल्लेखोर लाखो वेळा ‘बोलू का?’ विचारतो आणि पुढे गप्प बसतो. राखून ठेवलेल्या जागा संपतात आणि खऱ्या माणसाला जागा उरत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा याच रीतीने कित्येक दिवस विस्कळीत झाली. त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने यावर तोड काढली. समोरच्याचा होकार येईपर्यंत जागा राखूच नये, अशी ती युक्ती. ती आजही वापरात आहे.

दुसरी तऱ्हा खोट्या पत्त्याची. समजा, एखाद्याने शंभर प्रकाशकांना पोस्टकार्डे टाकली, ‘तुमची सूची पाठवा’, आणि खाली पत्ता तुमचा घातला. त्याचा खर्च शंभर कार्डांचा, आणि तुमच्या दारात येऊन पडतात शंभर जाडजूड गठ्ठे. इंटरनेटवर असे उघडे सर्व्हर आहेत की जे छोट्या प्रश्नाला मोठे उत्तर देतात आणि विचारणारा खरा कोण हे तपासत नाहीत. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर अशाच रीतीने सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटचा लोंढा सोडला गेला. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर १.३५ टेराबिटचा लोंढा आला. त्यात वापरलेल्या ‘मेमकॅश्ड’ या सर्व्हर प्रणालीतून एका बाइटच्या प्रश्नाला ५१ हजार बाइटपर्यंत उत्तर काढता येत होते.

तिसरी तऱ्हा अधिक लबाड. इथे लोंढा नसतो. संकेतस्थळावरचे सर्वांत जड काम, समजा जुन्या अंकांतला शोध, पुन्हा पुन्हा करायला लावले जाते. ग्रंथालयातल्या एकाच कारकुनाला दर मिनिटाला नवा माणूस तळघरातले दप्तर काढायला सांगतो, तसे. प्रत्येक मागणी वरून रास्त दिसते, म्हणून खरा वाचक कोणता आणि भाडोत्री कोणता हे ओळखणे अवघड जाते.

ही भाडोत्री माणसे येतात कुठून? ती तुमच्या-आमच्या घरातून येतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी फार मोठी विद्या लागली नाही. कारखान्यातून बसवून आलेले सुमारे ६० ठरीव पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले, एवढेच. मालकाला पत्ता नव्हता. दुकानातल्या चोराला पकडण्यासाठी लावलेला कॅमेरा रात्रभर दुसऱ्याच्या दारात धक्काबुक्की करत होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीवर याच फौजेचा हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी बलाढ्य संकेतस्थळे अमेरिकेत काही तास उघडेनाशी झाली. मिराई लिहिणारे तिघे कोण निघाले? विशी-बाविशीतले अमेरिकन तरुण. त्यांतल्या दोघांची डीडॉसपासून संरक्षण विकण्याची कंपनी होती! आधी दारात गुंड पाठवायचे आणि मग पहारेकरी म्हणून नोकरी मागायची, हा उद्योग आपल्याला नवा नाही. तिघांनी गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची देखरेख, २,५०० तासांची समाजसेवा आणि नुकसानभरपाई अशी शिक्षा दिली. तपासात मदत केल्यामुळे ते तुरुंगातून सुटले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हल्ला झाल्यावर होस्टिंग कंपनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आपण भाड्याने जागा घेतलेली असते ते, काय करतात? सर्वसामान्य माणसाची समजूत अशी की ते हल्लेखोराला अडवतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. साध्या सर्व्हरला सेकंदाला एक गिगाबिटची नळी जोडलेली असते. तिच्यात तीनशे गिगाबिट येऊ लागले की नळीच तुंबते. मग सर्व्हरवर कितीही चांगली तटबंदी असली तरी उपयोग नाही, कारण घाण दारापर्यंत पोहोचण्याआधीच रस्ता बंद झालेला असतो. त्याच नळीवर शेकडो इतर गिऱ्हाइके असतात. तेव्हा कंपनी सर्वांत स्वस्त उपाय करते. ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या पत्त्यावर येणारी सगळी वाहतूक, खरी आणि खोटी दोन्ही, वरच्या वर फेकून द्यायला सांगते. याला त्यांच्या भाषेत ‘ब्लॅकहोल’ किंवा ‘नल रूट’ म्हणतात. स्वस्तातल्या होस्टिंगवर तर खातेच स्थगित होते आणि ‘तुमच्यामुळे इतरांना त्रास होत आहे’ असे पत्र येते.

याचा अर्थ काय होतो? हल्लेखोराला एवढेच हवे होते की हे संकेतस्थळ कोणाला दिसू नये. कंपनीने ते स्वतःच्या हाताने पूर्ण करून दिले. रांगेत भाडोत्री माणसे उभी करणारा तसाच राहिला आणि दुकानाचे शटर दुकानाच्या घरमालकानेच ओढले. मार खाणाऱ्यालाच ‘तुझ्यामुळे आळीची शांतता भंगते, तूच घर सोड’ असे सांगण्याचा हा न्याय आहे. या न्यायात गुन्हेगाराला शोधण्याची गरजच उरत नाही.

होस्टिंग कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच खोटी नाही. एकासाठी पाचशे जणांचे नुकसान का करावे, असे त्या विचारतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनमेल या ईमेल सेवेवर खंडणीसाठी हल्ला झाला, तेव्हा तिला जागा आणि जोडणी पुरवणाऱ्यांच्या इतर शेकडो गिऱ्हाइकांचे कामही ठप्प झाले. त्यांच्या दबावामुळे प्रोटॉनमेलने नाइलाजाने खंडणी भरली. तरीही हल्ले थांबले नाहीत! खंडणी भरून शांतता विकत मिळत नाही, हा धडा त्यातून घ्यावा. पण शेजाऱ्यांची अडचण खरी होती हेही मान्य केले पाहिजे. तासभर नळी मोकळी करण्यासाठी ब्लॅकहोल करणे समजू शकते. प्रश्न तासानंतरचा आहे. त्या तासात कंपनी दुसरी वाट शोधते की गिऱ्हाईकच टाकून देते?

अमेरिकेतील पत्रकार ब्रायन क्रेब्स यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पैसे घेऊन हल्ले करून देणाऱ्या एका सेवेचे बिंग त्यांनी फोडले. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिटचा लोंढा आला. शंभर मेगाबिटच्या सहा हजारांहून अधिक घरगुती जोडण्या एकाच वेळी काठोकाठ भराव्यात, एवढा. अकामाई ही जगातली मोठी कंपनी त्यांना काही वर्षे फुकट संरक्षण देत होती. तिने हल्ला थोपवलाही. पण पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर ताण येऊ लागताच तिने क्रेब्स यांना निरोप दिला. क्रेब्स यांनी कंपनीला दोष दिला नाही. त्यांनी दुसरी गोष्ट मांडली. असे संरक्षण बाजारात विकत घ्यायचे तर वर्षाला दीड ते दोन लाख डॉलर लागतील, असा भाव त्यांना सांगण्यात आला. एकट्या पत्रकाराने ते आणायचे कोठून? शेवटी गूगलच्या ‘प्रोजेक्ट शील्ड’ने त्यांना आसरा दिला आणि संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले. म्हणजे हल्ला पंधरा युरोत आणि बचाव दोन लाख डॉलरमध्ये. या हिशेबात कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मग दुसरी वाट नाही काय? आहे. त्याच महिन्यात फ्रान्सच्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीवर एक टेराबिटच्या घरातला हल्ला झाला. तिच्या संस्थापकाने जाहीर केले की हल्ल्यात १ लाख ४५ हजारांवर कॅमेरे आणि रेकॉर्डर आहेत. ही कंपनी २०१३ पासून आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, लहान असो वा मोठा, संरक्षण मूळ भाड्यातच देत आली होती. वाहतूक गाळणीतून न्यायची, खोटी पाकिटे बाजूला काढायची आणि खरा वाचक पुढे सोडायचा, हे काम तिने सर्वांसाठी एकदाच उभे केले. ज्या गिटहबवर १.३५ टेराबिट आले तेही आपली वाहतूक अशाच गाळणीकडे वळवून सुमारे दहा मिनिटांत सावरले. विशेष म्हणजे ती गाळणी अकामाईचीच होती. क्लाउडफ्लेअरने सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर केले की हल्ला कितीही मोठा असला तरी फुकट योजनेवरच्या गिऱ्हाइकालाही टाकणार नाही. मे २०२५ मध्ये एका होस्टिंग कंपनीवर झालेला ७.३ टेराबिटचा हल्ला तिने परतवला. याचा सरळ अर्थ असा की संरक्षण अशक्य नाही. ते सर्वांमध्ये वाटून घेतले तर स्वस्त पडते, आणि ज्याच्यावर संकट येईल त्याने एकट्याने सोसावे म्हटले तर कोणालाच परवडत नाही. आगीचा बंब ज्याचे घर जळते त्याने विकत आणावा, असे कोणतीही शहाणी नगरपालिका म्हणत नाही.

हे केवळ व्यापारी नुकसान नाही. जून २०१४ मध्ये हाँगकाँगमध्ये सार्वत्रिक मताधिकाराच्या मागणीवर नागरिकांनी अनौपचारिक जनमत घेतले. मतदानाच्या संकेतस्थळावर प्रचंड हल्ला झाला. क्लाउडफ्लेअर आणि गूगल पाठीशी उभे राहिले, मतदानाची मुदत वाढवली गेली आणि जवळपास आठ लाख लोकांनी मत नोंदवले. अमेरिकेत ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ चळवळीच्या संकेतस्थळावर २९ एप्रिल ते १५ ऑक्टोबर २०१६ या साडेपाच महिन्यांत शंभराहून अधिक हल्ले झाले. चळवळींना फुकट संरक्षण देणाऱ्या कॅनडातील ‘डिफ्लेक्ट’ या सेवेने ते थोपवले. ज्यांचा आवाज आधीच कमी ऐकला जातो त्यांचे दार कोण अडवते आणि का, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इथे एक आक्षेप येईल. रस्त्यावर धरणे धरून आपण कचेरीचे दार अडवतो, मग संकेतस्थळासमोरचे धरणे गुन्हा कसा? २० जून २००१ रोजी जर्मनीत लुफ्तान्सा कंपनीच्या संकेतस्थळावर हजारो लोकांनी ठरवून एकाच वेळी गर्दी केली. निर्वासितांना देशाबाहेर नेण्यासाठी ही कंपनी आपली विमाने देते, याचा तो निषेध होता. खालच्या न्यायालयाने आयोजकाला दंड केला, पण २००६ मध्ये फ्रँकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण धरणे धरणारा स्वतःचे शरीर घेऊन, उघड्या तोंडाने, अटकेची तयारी ठेवून बसतो. मिराईसारख्या फौजेत एकही माणूस बसलेला नसतो. दुसऱ्यांची चोरलेली यंत्रे असतात आणि ती उभी करणारा अंधारात असतो. एकाला आंदोलन म्हणतात, दुसऱ्याला भाडोत्री गुंडगिरी. शिवाय भारतीय कायद्यात याला सूट नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीला संगणक वापरण्यापासून अडवणे स्पष्टपणे येते आणि कलम ६६ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या तरुणांनी रागाच्या भरात कोणाच्या संकेतस्थळावर असले प्रयोग करू नयेत. विरोधकाचे म्हणणे खोडून काढायचे असते, त्याचे दार चिणायचे नसते.

मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाचीही एक बाजू आहे. आसरा देणारे हात मूठभर आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये क्लाउडफ्लेअरने एका नाझीवादी संकेतस्थळाला काढून टाकले. त्या संकेतस्थळासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण एवढा अधिकार एका माणसाच्या हाती असू नये, असे त्या कंपनीच्या प्रमुखानेच तेव्हा म्हटले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच कंपनीच्या अंतर्गत बिघाडामुळे जगभरची असंख्य संकेतस्थळे काही तास बंद पडली, तीही कोणी हल्ला न करता. म्हणून संरक्षण ही कोणाची मेहेरबानी असता कामा नये, ती सेवेची अट असली पाहिजे. खोट्या पत्त्याची पाकिटे आपल्या जाळ्यातून बाहेर सोडू नयेत, हा नियम इंटरनेटच्या तज्ज्ञांनी मे २००० मध्येच लिहून ठेवला आहे. सर्व इंटरनेट पुरवठादारांनी तो पाळला असता तर पोस्टकार्डाची युक्ती जवळजवळ संपली असती. तो न पाळणाऱ्याचे स्वतःचे काही बिघडत नाही, बिघडते ते दुसऱ्याचे. म्हणून तो पाळत नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच ठरीव पासवर्ड असलेली उपकरणे विकण्यास कायद्यानेच मनाई केली. नियम करता येतो आणि तो लागूही करता येतो, हे त्यावरून दिसते.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? लहान नियतकालिके, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, संघटना यांनी पुढील गोष्टी आजच कराव्यात. होस्टिंग घेताना जागा किती आणि भाडे किती एवढेच विचारू नका. हल्ला झाला तर तुम्ही आम्हाला राखाल की काढाल, हे लेखी विचारा. संकेतस्थळाचे नाव एका कंपनीकडे आणि जागा दुसऱ्या कंपनीकडे ठेवा, म्हणजे घरमालकाने बाहेर काढले तरी नाव आपल्या हातात राहते आणि बिऱ्हाड हलवता येते. संपूर्ण मजकुराची प्रत स्वतःकडे, कंपनीच्या बाहेर ठेवा. ‘प्रोजेक्ट शील्ड’, क्लाउडफ्लेअरचे ‘प्रोजेक्ट गॅलिलिओ’ आणि ‘डिफ्लेक्ट’ यांच्याकडे हल्ल्याआधीच अर्ज करा. ढालीमागे गेल्यावर मूळ सर्व्हरचा पत्ता बदलून घ्या, नाहीतर हल्लेखोर ढालीला वळसा घालून जुन्या पत्त्यावर येतो. खंडणी भरू नका. नोंदी जपून ठेवा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची माहिती सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत देणे होस्टिंग कंपन्यांवर आणि संस्थांवर बंधनकारक आहे. ती दिली का, हे कंपनीला विचारा. आणि आपल्या कचेरीतल्या कॅमेऱ्याचा व राउटरचा पासवर्ड आजच बदला. दुसऱ्याचे दार अडवणाऱ्यांच्या रांगेत आपले यंत्र उभे नाही ना, हे पाहणे ही आपलीही जबाबदारी आहे.

हल्लेखोर अंधारात असतो, तो लगेच सापडेलच असे नाही. पण घरमालक उजेडात असतो. त्याचे नाव पावतीवर असते आणि भाडे तो दर वर्षी वेळेवर वसूल करतो. त्याला जाब विचारता येतो. तो विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.